सशाला टोपडं

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिच्यावर लंगोट वाळत घातलेत, अजून दमट आहेत. इकडे या, पाळण्याजवळ. आणखी जवळ. हां, अस्सं. संकोच नको, झोपलीय ती, आणि ठकी एकदा झोपली की— जाऊ दे, खोटं कशाला बोलू, चमचा पडला तरी उठते. पण बोलण्यानं नाही उठत. बोलण्याची सवय आहे तिला, मी दिवसभर बोलतच असते. तर कुठं होतो आपण? हां— उद्या त्या नव्या कायद्याच्या समितीपुढं मी अगदी माझ्या स्वतःच्या शब्दांत बोलायचं, असं तुम्ही म्हणत होतात. आणि माझे स्वतःचे शब्द तुम्ही टाइप करून आणलेत. छान आहेत हो! माझे शब्द इतके छान असतील असं मलाच कधी वाटलं नव्हतं.

बघू— ‘मी एक साधी आई आहे.’ बरोबर, साधीच आहे. ‘पाळण्यावरच्या या सशामुळे मला माझ्या बाळाचा श्वास ऐकू येतो.’ तेही खरं. ‘इथे क्षणभर थांबावे, आवंढा गिळावा’— हे वाचायचं नाही ना? बरं झालं विचारलं, मी वाचलं असतं. माझा काही भरवसा नाही, घाबरले की समोर दिसेल ते वाचते. लग्नाच्या नोंदणीला ‘येथे सही करावी’ हेसुद्धा मोठ्यानं वाचलं होतं, हिचा बाबा अजून चिडवतो. आणि हे काय? ‘माझा मुलगा’? अहो, ठकी मुलगी आहे! ... अस्सं, आधीच्या आईचं राहून गेलं. म्हणजे तिचे स्वतःचे शब्दही हेच होते? चला, जिवाला बरं वाटलं. मला उगाच वाटायचं, आपणच एकट्या अशा आहोत.

टोपडं? ते होय— सशाला घातलंय, थंडी वाजते त्याला. गंमत केली हो! त्याच्या कानांत दिवे असतात ना, ते ठकीच्या डोळ्यांवर येतात. तुम्ही सशाच्या कंपनीतले असलात तरी प्रचाराकडचे, तुम्हाला कुठून माहीत असणार. तुमच्या घरी आहे का हा ससा? धाकटा तर अजून पाळण्यातच आहे म्हणालात मघाशी. ... नाही? वाटलंच मला. अहो, त्यात लाजण्यासारखं काय आहे, ज्यानं केलं त्याला आतलं ठाऊक असतं.

मी सांगते. पाळण्याच्या कडेला हा अडकवायचा. ठकी रडली की हा ऐकतो, आणि माझ्या फोनवर कारण उमटतं. भूक. झोप. पोट. आणि यातलं काहीच नसलं की ‘इतर’. ते ‘इतर’ आलं ना, की माझा जीव टांगणीला. भूक असेल तर मी आहे, झोप असेल तर पाळणा आहे, ‘इतर’ला काय देऊ? हिचा बाबा म्हणतो, ‘इतर’ आलं म्हणजे ती तुझ्यावर गेलीय. आणि सासूबाई त्यांच्या गावाहून, दुपारचं जेवण झालं की फोन लावून बसतात आणि सशातून नातीचं घोरणं ऐकतात, मनात आलं की त्यातूनच बोलतातही. त्या ऐकायला लागल्या की याचे कान हिरवे होतात, एरवी पांढरे. मग मी आपली पदर खोचल्यासारखी— म्हणजे अंगात असतो गाऊन, पण पदर खोचल्यासारखी शहाण्या आवाजात बोलते. ‘आलेच हं सोन्या’, वगैरे. आज नाहीत त्या, दात काढायला गेल्यात, म्हणून आपलं निवांत चाललंय. तीन पोरं वाढवली त्यांनी, एकदाही ‘थकले’ म्हटलं नाही म्हणे. असं हिचा बाबा सांगतो. तो काय, त्या तिघांतलाच.

आता ते कायद्याचं मला एकदा नीट समजावा. शिकलेली आहे मी तशी, पण बाळंतपणात निम्मी अक्कल दवाखान्यातच राहिली. मूळ मसुद्यात काय होतं— लहान मुलाच्या खोलीतला आवाज कंपनीनं एका दिवसाच्या वर ठेवायचा नाही, आणि खोलीत जे कोणी असेल त्याला आधी विचारायचं. बरोबर? आणि तुमची दुरुस्ती— चुकले, तुमची नाही, जागरूक माता मंचाची. कुठं असतो हो हा मंच? मी सदस्य आहे म्हणून विचारते. ... तुमच्याच इमारतीत? चौथ्या मजल्यावर? अगंबाई. आणि अध्यक्ष कोण? ... त्या गृहस्थांना मुलं किती? ... असू दे, असू दे, मांजरालाही जीव लावावा लागतो.

आणि दुरुस्ती अशी, थांबा, वाचून दाखवते— ‘यंत्र चालू असताना खोलीत जी व्यक्ती उपस्थित असेल, तिची ध्वनिमुद्रणास संमती आहे असे समजण्यात येईल.’ किती सोपं! विचारायला नको, सांगायला नको. डॉक्टर आले, संमती. शेजारीण साखर मागायला आली, संमती. भिंतीवर पाल आली, तिचीही संमती, फक्त ती चुकचुकली पाहिजे. आणि हे तुमच्या अटींत आजही आहेच ना? ससा सुरू करताना मी जे ‘मान्य’ दाबलं, त्यात? ... वाटलंच. म्हणजे कायद्यानं नवीन काही करायचं नाही, नुसता शिक्का मारायचा.

पण मला एक भीती आहे. तशा बऱ्याच आहेत, पण ही उद्याची. समितीनं मला काही भलतंच विचारलं तर? एखादं कलम विचारलं, आणि माझी दातखीळ बसली तर? ... काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला ना, जागरणानं माझ्या कानांना दडे बसलेत. ... प्रश्नही तुम्हीच लिहून दिलेत? त्या बाईंना, ज्या मधल्या खुर्चीवर बसतात? अय्या! म्हणजे त्या तुमचं विचारणार आणि मी तुमचं सांगणार? ... आणि हे दुरुस्तीचं कलम? तेही तुमच्याच कचेरीत? ... हो हो, ऐकू आलं— शब्द न् शब्द. टाइपातली चूकसुद्धा तशीच छापली? हसू नका, मलाही हसू येतंय, ठकी उठेल. त्या बाईंनी मग काय केलं हो सगळ्यात? ... सही. बरोबर आहे, कुणीतरी सही करायला हवीच. ... भाचा? त्यांचा भाचा तुमच्याकडे लागला? ... योगायोग. हुशारच असेल मुलगा, माझं काही म्हणणं नाही. बघा, किती घाबरले होते मी, आणि तुम्ही एका दमात सगळी भीती घालवलीत. असं मोकळं बोलणारं माणूस मिळत नाही.

पाणी देऊ? नको? बरं.

एक विचारू का? रागावू नका. एका दुपारचा आवाज मला तुमच्याकडून पुसून हवा होता. एकच दुपार. मी तुमच्या त्या मदत कक्षाला लिहिलं. उत्तर आलं, ‘तुमच्या भावना आम्हाला समजतात. सेवेच्या सुधारणेसाठी आवाज जतन केला जातो.’ पुन्हा लिहिलं. पुन्हा भावना समजल्या. माझ्या नवऱ्याला कधी समजल्या नाहीत इतक्या माझ्या भावना तुमच्या कंपनीला समजतात. ... काय होतं त्या दुपारी? काही नाही हो. गाणं म्हणत होते, बेसूर. कुणी ऐकू नये एवढंच. सोडा ते.

नाही, पण सोडावं कसं? त्याच संध्याकाळी माझ्या फोनवर जाहिरात आली— ‘सगळं सोडून जावंसं वाटतंय? थकलेल्या आयांसाठी डोंगरावर विश्रांतिगृह, पहिल्या मुक्कामाला सवलत.’ आता मला सांगा, गाणं ऐकून कुणी डोंगरावर पाठवतं का? माझं गाणं ऐकून पाठवेलही म्हणा. पण हिचा बाबा शेजारी बसला होता, म्हणाला, हे तुलाच का दाखवतायत? मी म्हटलं, सगळ्यांनाच दाखवत असतील. आणि फोन पालथा ठेवला. तेव्हापासून या खोलीत मी ठकीशी सुद्धा जपून बोलते. आपल्याच पोरीशी, आपल्याच घरात, माणूस मुलाखतीला बसल्यासारखं बोलतं का? पण बंदही करवत नाही हो. आणल्या दिवसापासून एकदाही बंद केला नाही. वाटतं, नेमका बंद केला, आणि नेमका तेव्हाच तिचा श्वास— नको, बोलत नाही मी ते. तुमच्या कंपनीला नेमकं हेच ठाऊक आहे. आई घाबरट असते. घाबरट माणूस ‘मान्य’ दाबतं.

निघालात? बसा की. ... कशाला काळजी करता, उद्या येते ना मी. वेळेवर येते. फक्त हा कागद नेत नाही. ... अहो, तुम्हीच म्हणालात ना, स्वतःच्या शब्दांत? मग माझे मी बोलीन, आणि तुमचे— तुमचे तुमच्याच आवाजात ऐकवीन म्हणते. प्रश्न कुणी लिहिले, कलम कुणाच्या कचेरीतलं, टाइपातली चूक, भाचा. काय झालं? अहो, ससा चालू आहे. मघाशीच म्हटलं ना, कधी बंदच करत नाही. तुमचं बोलणं सगळं फोनवर उतरवून ठेवलंय मी, तुमच्याच कंपनीची सोय आहे ती, ‘बाळाचे अनमोल क्षण जतन करा’. ... परवानगी? तुमची? खोलीत उपस्थित होतात ना तुम्ही? कलम पुन्हा वाचून दाखवू? तुम्ही तर त्या कलमाचे बापच! ... पुसून टाकू? तुमच्या भावना मला समजतात हो. पण सेवेची सुधारणा व्हायला हवी ना.

... काय म्हणालात? परत म्हणा. ... ‘तुमच्याही नोंदी आमच्याकडे आहेत, ताई.’ मघापर्यंत मॅडम होते, आता ताई झाले. आणि समितीला त्या ऐकवल्या तर एका आईची शोभा होईल? बरं. ऐकवा. थांबा, तुम्हाला शोधायला त्रास नको, मीच सांगते त्या दुपारी काय म्हटलं ते. ठकी सकाळपासून रडत होती. भूक नाही, झोप नाही, पोट नाही, नुसतं इतर, इतर, इतर. मी केस विंचरले नव्हते, दात घासले नव्हते, आणि हिच्या पाळण्यावर वाकून मी म्हटलं, ‘ठके, मला नको आहेस तू. मी जाते. दार लावते आणि जाते, तुला कुणीतरी सापडेल.’ आणि गेले! चपला घालून जिन्यापर्यंत गेले. तिथं पायरीवर बसले, नाक पुसलं, आणि परत आले. बस. एवढंच आहे त्यात. जिना तुमच्या सशाला ऐकू येत नाही, म्हणून परत आलेली त्याला कळलीच नसेन, नुसती गेलेली कळली असेन. आता ऐकवा कुणाला ऐकवायचं ते. समितीला ऐकवा. माझ्या नवऱ्याला ऐकवा. मी सांगितलं तुम्हाला, आता घाबरायला माझ्याकडे शिल्लक काय आहे?

थाप मारतेय? मी? चालू नाही म्हणता ससा? हे घ्या, काढते टोपडं— बघा स्वतःच्या डोळ्यांनी. पांढरा दि—

...

हिरवा आहे.

अहो, हिरवा आहे हा.

आई? ... तुम्ही दाताला जाणार होतात ना? ... डॉक्टरच आले नाहीत. अच्छा. मग कधीपासून ऐक— ... लंगोटांपासून. म्हणजे सगळंच. म्हणजे ते जिन्याचंही... आई, मी ते, म्हणजे त्या दिवशी झोप झाली नव्हती, आणि—

... काय?

... नाही, पाणी विचारलं मी त्यांना. नको म्हणाले. ... हो, अजून इथंच आहेत. दारात. एका पायात बूट घातलाय. ... सांगते. ऐकलंत का हो, सासूबाई म्हणतायत, दुसराही घाला.

... आई, काय म्हणालात? तुम्ही? ... तुम्ही म्हटलं होतं? कुणाला, हिच्या बाबाला? पाळण्यात? ... आणि कुठपर्यंत गेला होतात? ... स्टँडपर्यंत! तिकीट काढून?! ... मी तर नुसती जिन्यापर्यंत— ... नाही हो, हसत नाहीये. हसतेय. ... खरंय, तेव्हाचा पाळणा लाकडाचा होता, त्याला कान कुठले.

तुम्ही अजून उभेच? जा ना. उद्या भेटूच. हा कागद घ्या, पुढच्या आईला होईल, तेवढं ‘मुलगा’ खोडून ‘बाळ’ करा, म्हणजे सगळ्यांना बसेल. आणि दार हळू लावा.

हं, आई. गेले ते. मग? परत कशा आलात? ... सशासमोर नको? साध्या फोनवर सांगता? ... बंद करू? ... नाही, झोपलीय छान. श्वास? थांबा, बघते. ... दिसतोय. पोट वर-खाली होतंय, डोळ्यांनी दिसतोय. बरं, लावा तुम्ही फोन. याचं बटण कुठं आहे, मी कधी पाहिलंच नव्हतं— हां, हे इथं, पोटाखा—