आधीच भरलेला गोल

गुरुग्रामला निघालेल्या मेट्रोत माझ्या शेजारी मराठी मंडळाचे जयंतकाका आणि मंडळासाठी कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिणारी शिवांगी बसले होते.

"दिवाळी पहाटेची कामं निवडायच्या ऑनलाइन फॉर्मवर तू चौकोन कशाला दिलेस गं?"

"चौकोनात हवी तितकी कामं निवडता येतात, काका."

"सगळ्यांनी फराळ वाढण्यावर खूण केली! पहाटे चारला निझामुद्दीन स्टेशनवरून कलाकारांना आणायला एकही नाव नाही."

"म्हणून परवा चौकोन काढून गोल टाकले. गोलात एकच काम निवडता येतं."

"मग तो एक फराळच असणार, यार."

"नाही. स्टेशनवाला गोल मी आधीच भरून ठेवलाय. न वाचता 'ओके' दाबलं, की तेच काम गळ्यात."

"शाब्बास! आपल्या मंडळात वाचतंय कोण! पण नीट चालतं ना?"

"काल ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तुम्हीच तपासलंत की."

"हो हो. नाव टाकलं, ओके दाबलं. एका मिनिटात झालं."

"अगदी नीट चालतं, काका."

"...अच्छा."

"हं."

"त्या तबलेवाल्यांना सांगून ठेव, माझी गाडी छोटी आहे."