बेचाळीस नंबर

सुकयी : बाबा, कढई ठेवा खाली. मनगट बघा केवढं सुजलंय.

क्वोंग : आज शुक्रवार आहे.

सुकयी : असू दे. हॉटेल विकलं आपण. सोमवारी इथे टायरवाला येतोय, आणि रविवारी तुम्ही माझ्याबरोबर सिडनीला निघताय. 'बंद'ची पाटी लावून तीन दिवस झाले.

क्वोंग : पाटी डोरीनबाईंसाठी नाही.

सुकयी : आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही तुम्ही तळण लावलं होतंत.

क्वोंग : लोक आले होते. काय करणार?

डोरीन : (काउंटरपलीकडून, हातात पातेलं घेऊन) पाटी वाचली मी. तरी आले. रागावू नकोस, सुकयी.

सुकयी : रागावत नाही, मिसेस हॅलोरन. पण बाबांचे हात राहिले नाहीत आता. गावातल्या क्लबातही मिळतं की चिनी जेवण.

डोरीन : क्लबातलं नेलं होतं ना मागच्या आठवड्यात वृद्धाश्रमात, नवऱ्यासाठी, कॉलिनसाठी. नर्सच्या अंगावर थुंकला. मला ओळखत नाही, पोरांना ओळखत नाही. पण यांच्या मेनूतलं बेचाळीस नंबरचं आंबटगोड पोर्क पुढ्यात आलं की तोंड उघडतो. तेवढं एकच खातो तो धड. पुढच्या शुक्रवारी मी काय करू, ते विचारायला आले.

क्वोंग : आत या.

डोरीन : आत? मी दहा वर्षांची असताना आईने हेच पातेलं देऊन पाठवलं होतं, तुमच्या काकांच्या वेळी. बापाला कळू देऊ नकोस म्हणाली होती. तेव्हापासून येतेय, पण या पडद्याच्या आत कधी नाही आले.

क्वोंग : पाय पुसून या. सुकयीने आत्ताच फरशी पुसलीय.

डोरीन : अगंबाई, हा टोमॅटो सॉस? हाच माझ्या कपाटात आहे.

क्वोंग : त्याच दुकानातला. अननसही डब्यातलं.

डोरीन : मला वाटायचं, तुमच्या गावाकडचं काहीतरी गुपित असेल.

सुकयी : गावाकडे हे वाढलं तर हाकलून देतील आम्हाला.

क्वोंग : काकांनी बसवलं हे. लोक काय टाकतात, काय पुसून खातात, ते ताटं धुताना बघायचे आणि दुसऱ्या दिवशी तसं करायचे.

डोरीन : म्हणजे हे आमचंच की.

क्वोंग : तुमचंच. मी नुसता तळत आलो.

सुकयी : तुम्ही स्वतः कधी खाल्लंत, बाबा?

क्वोंग : चाटून बघतो. जेवलो नाही कधी. हं, बघा बाई. दोनदा तळायचं. मधे गार होऊ द्यायचं. घाई केलीत की मऊ पडेल. साखर अर्धी पळी.

डोरीन : पळी म्हणजे किती चमचे? लिहून घेते.

क्वोंग : सुकयीने एकदा चमच्यांत लिहून केलं होतं. पाक झाला नुसता. ही पळीच घेऊन जा.

सुकयी : बाबा, ती आईची आहे.

क्वोंग : तुझ्याकडे ती काचेची शेगडी. तिथे ही लोखंडी पळी काय करणार, आणि मी तरी काय करणार? दमलो गं मी. हिला तरी काम असू दे.

सुकयी : न्या, मिसेस हॅलोरन. कागदात गुंडाळून देते.

डोरीन : आणि माझं चुकलं तर? तो बोलत नाही आता.

क्वोंग : थुंकला तर साखर कमी घाला. नुसतं तोंडात धरून बसला तर व्हिनेगर जास्त घाला.

डोरीन : हे कॉलिनचं सांगताय?

क्वोंग : सगळ्या गावाचं. घ्या, भरलं पातेलं.

डोरीन : मग तुम्ही रोज काय जेवता?

क्वोंग : तीन वाजता भात. आलं घालून वाफवलेला मासा.

डोरीन : इतक्या वर्षांत मी कधी विचारलंसुद्धा नाही. लाज वाटते हो.

क्वोंग : आम्ही तरी कुठे बोलावलं? सुकयी, आणखी एक वाडगा काढ.

डोरीन : अहो, पण त्याचं गार होईल.

क्वोंग : झाकण जरा तिरकं ठेवा, वाफ जाऊ दे. बसा. आणि सावकाश खा, काटे आहेत.