लक्ष कुठंय तुझं?

...आणि वर मलाच विचारतात, लक्ष कुठंय तुझं? अहो, ते माहीत असतं तर मी जाऊन घेऊन आलो नसतो का? तुम्हाला सांगतो, एक्केचाळीस वर्षं हाच प्रश्न. शाळेत मास्तर विचारायचे, ऑफिसात साहेब विचारतात, आणि तेजल, म्हणजे आमची बायको, ती आता विचारतसुद्धा नाही, नुसती बघते. पण या प्रश्नाचे मूळ मालक आमचे दादा, माझे वडील. सायखेड्याला, आमच्या गावी, वांग्यांना पाणी सोडलं की बांधावरून आवाज यायचा, "रव्या, लक्ष कुठंय तुझं? पाणी चाललं ना दुसऱ्याच्या वावरात." आणि खरंच चाललेलं असायचं.

तर गेल्या रविवारी दादांचं पुण्यानुमोदन होतं, म्हणजे आम्हा बौद्धांत माणूस गेल्यावर करतात तो कार्यक्रम. मंगळवारी गेले, झोपेतच, आणि रविवारी कार्यक्रम... थांबा, आधी डॉक्टरीणबाईंचं सांगतो, नाहीतर राहून जाईल.

महिन्यापूर्वी तेजल मला ओढत कॉलेज रोडला घेऊन गेली. बाईंनी दोन तास प्रश्न विचारले आणि शांतपणे म्हणाल्या, "हा आळस नाही, बेफिकिरीही नाही. याला एडीएचडी म्हणतात, लक्ष एका जागी टिकतच नाही. लहानपणापासून आहे तुम्हाला." हे ऐकून लोक म्हणे रडतात. मी पार्किंगचं तिकीट शोधत होतो. मनात एकच आलं, बाईंनी हे सगळं लिहून दिलेली फाइल दादांना दाखवायची. बघा दादा, मी मुद्दाम करत नव्हतो. बस, एवढंच! बाई म्हणाल्या, महत्त्वाचं असेल ते मोबाइलमध्ये टाका, तो वाजून आठवण करून देईल. टाकलं. दर रविवारी अकरा वाजता, कारण रविवारी मी सायखेड्याला असतो. तीन रविवार ते वाजलं. फाइल पिशवीत, दादा समोर. एकदा ते जेवत होते, एकदा मी शेजाऱ्याची मोटर उघडून बसलो होतो, एकदा... आठवत नाही. दर वेळी 'दहा मिनिटांनी पुन्हा' दाबलं. चौथ्या रविवारच्या आधी तो मंगळवार आला.

तर पुण्यानुमोदन. अंजलीताईनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, सगळ्यांना कामं वाटली. मला एकच, पंचवटीतून दादांच्या फोटोची फ्रेम आणायची. तीनदा फोन केला तिनं. म्हणाली, तू नाही आलास तरी चालेल, फ्रेम पाठव. घेतली की हो मी! वेळेत! मग कुणी सांगितलं नव्हतं तरी हार घ्यायला थांबलो, आणि विसरायला नको म्हणून फ्रेम मुद्दाम डोळ्यांसमोर, फुलांच्या टोपलीला टेकवून ठेवली. आता तो फुलवाला काय गाठ मारत होता, तुम्हाला सांगतो, दोरा एका बोटावरून दुसऱ्या बोटावर आणि मग... वीस मिनिटं बघितलं. शिकलो. ती गाठ मला आता येते. हार पिशवीत टाकला, गाडी चालू केली, थेट सायखेडा.

पांढऱ्या कापडावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, आणि बाजूला रिकामी जागा. बौद्धाचार्य म्हणाले, फोटो ठेवा. मी हार पुढे केला. साठ माणसांच्या तोंडावर तोच प्रश्न, लक्ष कुठंय तुझं, फक्त विचारणारा तेवढा नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं. ते कळत होतं मला, पण आत काही हललंच नाही. मी हाराची गाठ बघत होतो.

शेवटी माझाच मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला. त्यात दादांचा फोटो होता, बांधावरचा, कपाळाला आठी. हार मोबाइलला कसा घालणार? भोवती गोल ठेवला. सगळे हात जोडून उभे राहिले, त्रिशरण सुरू झालं... आणि मोबाइल वाजला.

रविवार होता. अकरा वाजले होते. दादांच्या चेहऱ्यावर, सगळ्या भावकीसमोर, मोठ्या अक्षरांत आलं, 'दादांना फाइल दाखव'.

ताईनं वाचलं. हळूच म्हणाली, "कसली फाइल रे?"

फाइल पिशवीतच होती. काढायची आणि दादांसमोर ठेवायची, काम संपलं. तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा माझं लक्ष जिथं पाहिजे तिथंच होतं. पुढे झालो, हात लांब केला, आणि बोटानं... सवयीनं हो... 'दहा मिनिटांनी पुन्हा' दाबलं.