स्मरणिकेतलं सातवं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या टेकडीचे सगळ्यात जुने रहिवासी माननीय भाऊराव, व्यासपीठावर बसलेले फाउंडेशनचे अनिरुद्ध सर, ज्यांनी आपल्याला हे सभागृह वीस वर्षं कुरकुर न करता वापरू दिलं त्या शाळेच्या मुख्याध्यापिका माधुरीताई, उद्यापासून ही सगळी कटकट ज्याच्या गळ्यात पडणार आहे तो आमचा निलेश, टेकडीवरून उतरून आलेले पालक, आपल्या किशोर कला पथकाची आजी-माजी मुलं, आणि हे भाषण कधी संपतंय म्हणून चहाच्या किटलीपाशी ताटकळलेली मंडळी, तुम्हा सगळ्यांना लताबाईंचा नमस्कार.

सत्काराला उत्तर देताना आधी आभार मानायचे असतात. मी आधी माफी मागणार आहे, आणि ती मागायची आहे आपल्या चंद्रप्रकाश शेठकडे. शेठ, तुमच्या भांड्यांच्या दुकानाची पानभर जाहिरात स्मरणिकेत होती. तुम्ही मघापासून स्मरणिका पुढून मागे, मागून पुढे चाळताय, मी बघतेय इथून. सापडणार नाही. तुमच्या हातातल्या स्मरणिकेत सहा नंबरच्या पानानंतर एकदम नऊ येतं. छापखान्याची चूक नाही ती. सातवं पान आम्ही दुपारी बसून ब्लेडनं कापलं, तीनशे प्रतींतून. तुमची जाहिरात नेमकी त्याच्या पाठीवर आठव्या पानाला होती, ती नाइलाजानं गेली. तुमचा काही दोष नाही. वाईट शेजार, दुसरं काय!

मग सातव्या पानावर होतं काय? तेच सांगायला उभी आहे. माझ्या आधी चौघांनी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलून ठेवलंय की मला वाटलं, बाई गेल्या वाटतं. गुडघे दुखतात म्हणून लताबाई थांबतायत, असं माधुरीताई म्हणाल्या. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण ते वीस वर्षं दुखतायत हो. त्यासाठी कोणी पथक सोडतं का?

नवीन माणसांसाठी थोडं सांगते. मी याच शाळेत शिक्षिका होते. पथक सुरू केलं तेव्हा आमच्याकडे ना पडदा, ना लाईट. एक ताडपत्री होती आणि वर्गातला एक डस्टर होता. मुलं ताडपत्रीवर गोल करून बसायची. डस्टर ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. घरचं, शाळेचं, मारामारीचं, काय वाट्टेल ते. बोलून झालं की उठायचं आणि डस्टर खिडकीबाहेर भिंतीवर दोनदा आपटायचा. खडूची धूळ उडाली, विषय संपला. गोलातलं बोलणं गोलाच्या बाहेर न्यायचं नाही. हा नियम मी केला. या नियमावर आमची सगळी नाटकं उभी राहिली, कारण मुलांना खात्री होती की बाई कुठे बोलणार नाहीत. निलेश, तू पहिल्यांदा डस्टर घेतलास तेव्हा नुसता रडला होतास, आठवतंय? सांगितलं का मी कुणाला कशासाठी ते? नाही ना. मान कसली हलवतोस, बोल की रे!

तर या गोलात एक मुलगी होती. नाव घेणार नाही. तुमच्यातल्या निम्म्यांना ते माहीत आहे आणि उरलेल्यांना त्याची गरज नाही. अशी पोरगी मी पुन्हा पाहिली नाही. एका नाटकात तिला म्हातारी कोळीण करायची होती, तर ही एकटी उठून खारदांड्याच्या कोळीवाड्यात गेली आणि दोन सकाळी मासळीच्या टोपल्यांपाशी बसून आली. तिसऱ्या दिवशी तालमीत कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली, "काय गो बाय, घ्यायचं नाय तर हात कशाला लावते?" मी खरंच हात मागे घेतला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

ती आठ वर्षांची असताना टेकडीवरची भिंत कोसळली, त्यात तिचा धाकटा भाऊ गेला. हे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, त्याची बातमीही आली होती. आई तेव्हा मुलुंडला स्वयंपाकाच्या कामावर होती. त्या दुपारी घरात काय झालं हे त्या मुलीनं सहा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. आईला तर नाहीच. एका रविवारी तिनं डस्टर घेतला आणि ते सांगितलं. अकरा मुलं होती आणि मी होते. काय सांगितलं ते विचारू नका. मी सांगणार नाही. सांगायचं नव्हतंच, हाच तर सगळा मुद्दा आहे. तिनं डस्टर भिंतीवर आपटला, आणि दोनदा नाही, आपटतच राहिली. शेवटी आमच्या प्रांजलनं जाऊन तिच्या हातातून काढून घेतला.

त्याच महिन्यात अनुदानाचा अर्ज भरायचा होता. त्याच्या आदल्या वर्षी आमचा अर्ज नापास झाला होता. अनिरुद्ध सर, तुम्ही भले माणूस आहात, मी तुमच्या तोंडावर बोलतेय, पाठीमागे नाही. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, "बाई, काम उत्तम आहे, पण तुमची 'बदलाची कहाणी' फार फिकी आहे. समितीच्या काळजाला हात घातला पाहिजे." मी विचारलं होतं, फिकी म्हणजे? मुलं नाटक करतात, बोलायला शिकतात, शाळा सोडत नाहीत, हे फिकं? तुम्ही म्हणालात, "बाई, पवईपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक संस्था हेच लिहिते."

बरोबरच होतं तुमचं. ज्यांच्याकडे पैसा असतो ते रोज शंभर अर्ज वाचतात. त्यांना वेगळं काहीतरी लागतं, आणि आमच्याकडे वेगळं म्हणजे काय असतं? मुलांचं दुःख. मुलांना बळ देण्यासाठी आधी ती किती दुबळी आहेत ते दाखवायचं. जितका मोठा घाव, तितकं मोठं अनुदान. मी काही पहिली नाही यात. पण बाकीच्यांनी नियम केला नव्हता, मी केला होता.

अर्जात 'बदलाची कहाणी' हा रकाना होता, एक पान मोकळं. आणि मी तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई. रकाना रिकामा सोडायचा नाही, ही खोड हाडात गेलेली. हजेरी भरा, निकाल भरा, पोषण आहार भरा. बसले आणि भरला. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले, कारण ते माझ्या शब्दांपेक्षा चांगले होते. नाव बदललं, म्हटलं झालं! आणि मग अर्जाला तिचा फोटो लावला, कोळणीच्या वेषातला, हसतानाचा. नाव बदलून फोटो लावणारी मी एकटीच शहाणी असेन. आणि तिला विचारलं का? नाही. वेळ नव्हता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. वेळ होता हो. ती नाही म्हणेल ही भीती होती.

अनुदान मिळालं. नुसतं मिळालं नाही, पहिल्या क्रमांकानं मिळालं. अंधेरीला मोठ्या हॉटेलात कार्यक्रम होता. मीच तिच्या आईकडे गेले. म्हटलं, ताई, एक दिवस कामावर खाडा करा, लेकीचं कौतुक बघायला या. त्या माउलीनं नवीन साडी घेतली. मी तिला पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं.

निवेदिकेनं मुलीला स्टेजवर बोलावलं. हातात पुठ्ठ्याचा तो भलामोठा चेक दिला. मागे पडद्यावर फोटो. आणि निवेदिका ती कहाणी वाचायला लागली, आधी इंग्रजीत. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आईपण उठली. तिला काही कळलं नव्हतं, पण आपल्या पोरीसाठी एवढी मोठी माणसं टाळ्या वाजवतायत म्हटल्यावर तीपण वाजवायला लागली, डोळ्यांत पाणी, माझ्याकडे बघून हसतेय. मग निवेदिका म्हणाली, "आता आपल्या मराठी पाहुण्यांसाठी."

मी तिथे होते. मला उठून माईक काढून घेता आला असता. मी बसून राहिले.

मुलगी तो चेक धरून उभी होती. चेक एवढा मोठा की तिला खालीही ठेवता येईना आणि तोंडही झाकता येईना. आईचे हात थांबले. ती खाली बसली. मग कार्यक्रम संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. येताना आम्ही मेट्रोनं आलो. आई एका दाराशी उभी, लेक दुसऱ्या दाराशी, आणि मी मधे बसलेले, मांडीवर पुष्पगुच्छ. तसेच घाटकोपरला उतरलो. त्या घरात ते अजून कोणी बोललेलं नाही.

मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. अकरावी अर्धवट सुटली. आता ती इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्यात कानातल्यांना पुठ्ठे लावते. सतरा वर्षांची आहे. एकदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते मी. नळापासूनच परत फिरले. लाज वाटली असं म्हणत नाही, भ्यायले.

आणि आपल्याकडे काय झालं? लाईट आले, साउंड आला, हा पडदा आला. तुम्ही आता टाळ्या वाजवल्यात ना या पडद्याला? त्या अकरा मुलांतली चार उरली. नवीन आली, पण बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच होती. दोन वर्षं आमचा डस्टर गोलात नुसता फिरतोय. "काय रे, बोलायचंय काही?" "नाय बाई, सगळं झकास." पुढचा. "सगळं झकास, बाई." त्या डस्टरला आता झटकायला धूळसुद्धा नसते. फाउंडेशनच्या अहवालात मात्र आमची प्रगती उत्तम आहे. वाट लागली आहे, असा रकाना त्यात नाही.

म्हणून मी थांबते आहे. गुडघ्यांसाठी नाही. मुलांना ज्याच्यापुढे बोलता येईल असं माणूस इथे पाहिजे, आणि ते माणूस मी राहिले नाही.

आता सातवं पान. आज सकाळी स्मरणिकेचे गठ्ठे आले. आमच्या प्रियंकानं हौसेनं सगळा मजकूर जमवला होता. जुन्या फाइलमधला सगळ्यात चांगला लेख म्हणून तिनं अर्जातलं ते पानच उचललं, फोटोसकट. तिला बोलू नका कोणी. ती पथकात नवीन आहे आणि तिला आम्ही कोणी काही सांगितलंच नव्हतं. झाकून ठेवलं की असंच होतं. मी, निलेश आणि प्रियंका याच सभागृहात कापायला बसलो. तीनच्या सुमाराला दारात कोणीतरी उभं राहिलं. बघते तर त्या मुलीची आई. छापखान्याच्या पोऱ्यानं वस्तीत एक प्रत दाखवली होती.

मला वाटलं, आता ही माझ्या तोंडात मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं चपला काढल्या, ताडपत्रीवर बसली, निलेशच्या हातातलं ब्लेड घेतलं आणि कापायला लागली. रोज दहा घरची भाजी चिरणारा हात, आमच्यापेक्षा भराभर चालत होता. शेवटची प्रत झाल्यावर तिनं एक पान उचललं. त्यातला फोटो कडेकडेनं नीट कापून वेगळा केला. बाकीचा कागद इतर कागदांत टाकला आणि म्हणाली, "हे जाळा बाई. फोटो मी नेते." मग तो थोडा वेळ हातात धरून बघत बसली. म्हणाली, "हसते बघा कशी. दोन वर्षांत नाय बघितली मी हसताना."

ती कार्यक्रमाला थांबली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. जाताना मी तिला विचारलं, ताई, हे एवढं आज सांगू का लोकांना? ती म्हणाली, "लेकीचं नाव नका घेऊ." वीस वर्षांत, कोणाचं दुःख सांगण्याआधी मी विचारलं असं हे पहिल्यांदाच.

अनिरुद्ध सर, यंदाचा अर्ज तुमच्या पिशवीत आहे. त्यातला तो रकाना मी रिकामा सोडलाय. आयुष्यात पहिल्यांदा. त्यामुळे अर्ज नापास होईल, मला माहीत आहे, निलेशलाही माहीत आहे. तुमच्या हातात असेल तर तो रकानाच काढून टाका. मुलांना पेटी द्या, ढोलकी द्या, बसायला जागा द्या. त्याबदल्यात त्यांचं घर उघडं करून मागू नका. आणि निलेश, हार-तुरे मला मिळालेत, हा डस्टर तू घे. इकडे ये, घे. मुलं लगेच बोलणार नाहीत. वर्ष जाईल, दोन जातील. थांब.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, माधुरीताईंनी दिवे चालू ठेवले, सगळ्यांचे मनापासून आभार. शेठ, तुमची जाहिरात पुढच्या अंकात फुकट छापू, निलेश लक्षात ठेव. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची पद्धत आहे. माझ्या बोलण्यातलं घाला. बाकीचं घालू नका. त्याची माफी या माईकवरून मागता येत नाही, माईकवरूनच तर सगळं झालं. ती मागायला मी उद्या सकाळी, ती मुलगी कारखान्यात जायच्या आधी, तिच्या दारात जाणार आहे. या वेळी नळापासून परत फिरणार नाही. दार उघडायचं की नाही, ते ती ठरवेल.