चार्जरला झेंडूचा हार

"इलेक्ट्रिक आली का?" असं मला विचारू नका राव, डोकं फिरतं. शोरूमवाला म्हणाला होता, "दसऱ्याला गाडी तुमच्या दारात." मी अतिशहाणा, जुनी बाइक लगेच शेजारच्या गायकवाडला विकून मोकळा. दसरा आला, गाडी नाही. बायकोने पार्किंगमधल्या नव्या चार्जरलाच हार घातला.

तेव्हापासून मी चिखलीहून चाकणला कंपनीत जातो, ते माझ्याच बाइकवर, गायकवाडच्या मागे बसून. वर तोच मला शिकवतो, "भाऊ, जरा सरळ बसा, गाडी डुगडुगते."

परवा म्हणाला, "मीपण इलेक्ट्रिक बुक केली. पाडव्याला नक्की देतो म्हणालेत. ही बाइक तुम्हीच परत घेता का?"

म्हटलं, "घेतो की! आण किल्ली, बस मागे. आणि जरा सरळ बस!"