तुकडे जोडायचे नि बटण दाबायचं

शनिवार, सतरा जानेवारी. ऊन स्वच्छ, वारा नाही, हवा कोरडी... आणि हवा कोरडी होती म्हणूनच तर मी सकाळपासून स्वयंपाकघरातला नळ धरून उभा होतो ना! हसू नका. तुम्हाला सांगतो, कोरड्या हवेत माणसाच्या अंगात वीज साठते. आपल्याला पत्ताही नसतो, पण ती बोटातून कॉम्प्युटरच्या एखाद्या सुट्या भागात शिरली की तो भाग गेलाच, धूर नाही की आवाज नाही! भागांबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलंय तसं. मग उपाय काय? तर कुठल्याही भागाला हात लावण्याआधी जमिनीत गेलेल्या धातूला हात लावायचा. आता आमच्या घरात जमिनीत गेलेला धातू कुठला? नळ! म्हणून मी जेवणाच्या टेबलापासून उठायचो, नळ धरायचो, परत यायचो, एक स्क्रू उचलायचो, पुन्हा शंका यायची, पुन्हा नळ... आणि आतल्या खोलीतून बायको, "अहो, पाणी गेलंय का?"

"नाही गं, आहे पाणी."

"मग सारखे नळाशी काय करताय?"

आता अंगातली वीज सोडतोय, हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं, तुम्हीच सांगा!

आणि हे सगळं कुणामुळे? मेहुण्यामुळे. बायकोचा धाकटा भाऊ, लांब राहतो, कॉम्प्युटरमधलं त्याला कळतं म्हणतात, आणि जे काही त्याला कळतं ते तो फोनवरून कळवतो. "भाऊजी, तयार कॉम्प्युटर कशाला घेताय? आत काय हलकंसलकं भरतात कोण बघतंय! सुटे भाग आणा. त्यात आहे काय? तुकडे जोडायचे नि बटण दाबायचं, झालं!" म्हणजे जशी काही पेनात रिफिल घालायची!

बरं, खेळ म्हणून करत असतो तर गोष्ट वेगळी. पण इथे बायकोच्या पोटापाण्याचा प्रश्न. ती घरांचे नकाशे काढते. इतकी वर्षं ते दुसऱ्याच्या ऑफिसात बसून काढले. नकाशा हिचा, सही साहेबांची. गेल्या महिन्यात नोकरी सोडली. म्हणाली, आता सहीसुद्धा माझीच. आणि पहिलं गिऱ्हाईक आलं, एक डॉक्टरीणबाई. दातांच्या. त्यांना खाली दवाखाना, वर घर असं बांधायचंय. बोलायला अशा की आपणच नकळत तोंड उघडून बसावं. त्यांनी साफ सांगितलं, "दुसऱ्या एकांकडूनही नकाशा करून घेतलाय. रविवारी अकराला तुमचा बघते, आणि तिथेच ठरवते." आता नकाशा कॉम्प्युटरवर तयार. घर फिरवून बघता येतं, दारातून आत जाता येतं, सगळं येतं. फक्त आमच्या जुन्या कॉम्प्युटरला येत नव्हतं! तो दार अर्धं उघडायचा आणि तिथेच विचारात पडायचा. आपण चहा करून आणावा तरी हा उंबऱ्यातच. असं घर डॉक्टरीणबाईंना दाखवणार कसं?

म्हणून शनिवारी सकाळी दुकान. दुकानदार काउंटरवर एकेक खोकं ठेवत होता, माझ्याकडे न बघता. म्हणाला, "पहिल्यांदाच?"

म्हटलं, "हो."

म्हणाला, "हं."

बस, एवढंच. पण तुम्हाला सांगतो, काय तो 'हं'! ऑपरेशनला नेताना आपण नर्सला विचारतो ना, डॉक्टर अनुभवी आहेत का हो, तेव्हा ती जो 'हं' म्हणते, तो.

घरी आलो. टेबलावर धुतलेली चादर अंथरली, खोकी ओळीनं मांडली, स्क्रू आकाराप्रमाणे वाट्यांमध्ये घातले. आणि समोरच्या खुर्चीत बाबा येऊन बसले. माझे वडील. हातात मऊ फडकं. कारण बाबांचा एक नियम आहे, नवी वस्तू पुसल्याशिवाय वापरायची नाही. नवा चमचा आला, पुसा. नवी छत्री आली, पुसा. का? तर गोदामात कोण कुठल्या हातांनी काय धरतं सांगता येत नाही! मी म्हटलं, "बाबा, खोकी पुसा हवी तर, आतल्या वस्तूला हात लावू नका."

"मी कशाला लावतोय? तूच तर नळाला जाऊन ओले हात घेऊन येतोस!"

"ओले नाहीत, बाबा. मी नळ नुसता धरतो."

"नुसता धरतोस?" बाबांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच म्हणाले, "झोप नीट होते ना रे तुझी?"

असो. सुरुवात केली. सगळ्यात आधी मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर बाकी सगळे बसतात ती मोठी पाटी. तिच्या मधोमध प्रोसेसर. चांगल्या बिस्किटाएवढा चौकोन, पण कॉम्प्युटरची अक्कल म्हणतात ती त्यातच. त्याच्या एका कोपऱ्यावर इवलासा त्रिकोण, पाटीवर तसाच त्रिकोण, दोन्ही जुळवून नुसता ठेवायचा. ठेवला. मग वरचा दांडा दाबायचा. दाबला... आणि करर्र! अहो, हाडाचा आवाज! मी गार. मेहुण्याला फोन.

"अरे, आवाज आला!"

"येतोच, भाऊजी."

"मोडल्यासारखा आला!"

"तसाच येतो. अहो, किती घाबरता? तुकडे जोडायचे नि—"

ठेवला फोन. मला सांगा, आवाज येणारच होता तर पुस्तिकेत एक ओळ लिहायला यांचं काय जात होतं? दोन पानं लिहिलीत की हे खाऊ नये, हे पाण्यात टाकू नये... आम्ही काय मदरबोर्ड खाणार आहोत?

पुढे मेमरीच्या पट्ट्या. त्या जोर केल्याशिवाय बसत नाहीत आणि जोर करायची आपली छाती होत नाही. मग त्या बारक्या वायरी, समोरच्या बटणाच्या. एकेका टाचणीवर एकेक बसवायची आणि शेजारी अक्षरं अशी की मुंगीनं मुंगीला पत्र लिहावं! बाबांनी पेपर वाचायचं भिंग आणून दिलं. एका हातात भिंग, एका हातात वायर, आणि टॉर्च कोण धरणार? बाबा. आणि टॉर्च कुठे? माझ्या डोळ्यांवर. "बाबा, खाली धरा." "खालीच आहे. तूच वर बघतोयस."

सगळं पेटीत बसवलं, स्क्रू पिळले, कपाळ पुसलं, आणि खोक्याच्या तळाशी काय मिळालं? पत्र्याची एक भोकाभोकांची पट्टी. म्हटलं ही आणि कुठली? तर ती पाठीमागे लावायची. कधी? सगळ्यांच्या आधी! म्हणजे पुन्हा सगळं बाहेर. आता या पट्टीला 'सगळ्यांच्या आधी' लागायचं होतं तर तिनं सगळ्यांच्या खाली जाऊन बसायचं कशाला?

तीन वाजता बायको खोलीतून बाहेर आली. टेबलाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, बोलली असती तर परवडलं असतं.

म्हटलं, "झालंच. तुकडे जोडले, आता बटण दाबायचं."

दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मेहुण्याला फोन. तो म्हणाला, "भाऊजी, वीज जिथून आत जाते त्या डब्याला मागे एक खटका असतो..." होता! मागे, खाली, काळ्यावर काळा. तो दाबला, मग बटण दाबलं... आणि काय सांगू, पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर अक्षरं आली! बाबांनी टाळी वाजवली. बायको हसली, महिन्याभरात पहिल्यांदा अशी हसली. मीही ऐटीत खुर्चीत टेकलो, पाय लांब केले...

आणि बंद.

आपोआप. पुन्हा लावला, चालला, बंद. पुन्हा लावला, चालला, बंद. या वेळी बायको वाकून बघत होती. म्हणाली, "अहो, हा कोपऱ्यातला आकडा चढतोय बघा." आणि खरंच, ऐंशी, अठ्ठ्याऐंशी, पंच्याण्णव... प्रोसेसरचं तापमान! अहो, पाणी उकळेल इतकं! पुन्हा मेहुणा.

"पंखा बसवलाय ना प्रोसेसरवर?"

"बसवलाय. चारही स्क्रू घट्ट."

"आणि पंख्याच्या बुडाला करडी पेस्ट होती ना? चिकट? कंपनीच लावून देते. तिच्यातूनच उष्णता वर जाते."

मी पंखा काढला. उलटा केला. बूड लख्ख. म्हणजे असं लख्ख की त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तो बघण्यासारखा नव्हता.

म्हटलं, "नाहीये रे पेस्ट. कंपनी विसरली की काय?"

आणि बाबा, अगदी शांतपणे, "ती करडी घाण होय? ती मी पुसली."

"कधी?"

"तू नळ धरायला गेला होतास तेव्हा. निघता निघत नव्हती, पण मी सोडली नाही."

मेहुणा अजून फोनवरच होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही कळवायचं नव्हतं. मग बायकोला आधी हसू फुटलं, मग ते अर्ध्यातच थांबलं, कारण उद्या अकरा वाजता डॉक्टरीणबाई. आणि बाबांना तेव्हा कळलं. हातातल्या फडक्याकडे बघत म्हणाले, "पेस्टच हवी ना? दातांची चालेल का? मी आणतो..." उठलेसुद्धा बिचारे.

"नाही चालणार, बाबा."

खाली बसले. फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, "माझ्यामुळे सूनबाईचं काम जाईल का रे?"

आता अशा माणसावर चिडणार कसं? सकाळपासून चिडायची केवढी तयारी केली होती मी!

चप्पल घातली आणि दुकान गाठलं. शटर अर्धं खाली. वाकून आत डोकं घातलं आणि म्हटलं, "पेस्ट! प्रोसेसरची!"

दुकानदार म्हणाला, "पुसली?"

म्हटलं, "हो."

म्हणाला, "हं." आणि करंगळीएवढी एक नळी काढून दिली. विचारावंही लागलं नाही त्याला काही. म्हणजे पुसणारी घरं आणखीही असणार! तेवढाच जिवाला आधार.

घरी येऊन नळी बाबांच्या हातात दिली. "वाटाण्याएवढा थेंब, बरोबर मध्ये. तुम्ही घाला. माझा हात थरथरतोय." थरथरत नव्हता. बाबांनी चष्मा नीट केला, श्वास धरला आणि थेंब टाकला. असा मधोमध की मोजून बघा! मग मी हात पुढे केला, तर म्हणाले, "थांब. नळ धरून ये आधी."

गेलो. धरला.

पंखा बसवला, बटण दाबलं. तिघं कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत उभे. अडतीस. चाळीस. बेचाळीस. आणि तिथेच राहिला. बायकोनं खुर्ची ओढली, आपल्या नकाशातलं घर त्यात घातलं, आणि दार उघडलं. सबंध उघडलं! ती आत गेली, जिना चढली, गच्चीवर जाऊन उभी राहिली. "बाबा, बघा ना, सगळं दिसतंय!" बाबा म्हणाले, "बघितलं. आता गच्चीवरून खाली ये आणि जेवून घे."

रविवारी अकरा वाजता डॉक्टरीणबाई आल्या. बायकोनं घर फिरवलं. सरसर, लोण्यासारखं! मी मागे उभा, बाबा माझ्या मागे. बाई खुर्चीचा हात धरून बसल्या होत्या. घर अर्धं फिरलं तशा म्हणाल्या, "थांबवा. थांबवा ते! मला गरगरतंय. त्या दुसऱ्यांनीही असंच गरगरा फिरवलं, मी डोळे मिटूनच बघितलं. तुम्ही मला साधं कागदावर दाखवा बघू."

प्रिंटर? प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला ओळख दाखवेना. बायकोनं इकडेतिकडे बघितलं, टेबलावरच्या माझ्या पसाऱ्यातून हाताला लागला तो पुठ्ठा ओढला आणि पेन्सिलीनं काढायला लागली. भिंत, दार, खिडकी. बाई पुढे सरकल्या. "दवाखान्यात लहान मूल रडलं तर वरच्या घरात ऐकू जाईल?" बायकोनं जिना खोडला, पलीकडच्या भिंतीला काढला, मध्ये कपाटांची रांग टाकली. "आता नाही जाणार." "आणि माझ्या खुर्चीवर उजेड?" "डावीकडून. तुमच्या हाताची सावली दातावर पडणार नाही." मग पेन्सिल घेऊन बाईंनी स्वतःच वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक काढला. वाकडा. बायकोनं तो सरळ केला नाही.

जाताना म्हणाल्या, "हे मी नेते," आणि पुठ्ठा काखेत मारला.

काम बायकोला मिळालं. नकाशावर सही तिचीच आहे. कॉम्प्युटर चालू आहे, तापमान बेचाळीस. पुठ्ठा डॉक्टरीणबाईंच्या घरी आहे. तो मदरबोर्डच्या खोक्याचं झाकण आहे आणि त्याच्या उलट बाजूला वॉरंटीचं लेबल आहे.