सत्तावीस तासांचा तक्ता

...नाही, मला एक सांगा, दिवसाला तास किती? चोवीस ना? मग आमच्या प्राध्यापकांना हे कुणी सांगितलंच नाही का? इतिहासाचे सर म्हणतात, 'फक्त साठ पानं हो, एका बैठकीत होतील.' कुणाच्या बैठकीत? अर्थशास्त्राच्या मॅडम चष्मा नाकावर ओढून, 'माझं काय, छोटंसंच आहे...' आणि ते छोटंसं उचलायला दोन हात लागतात. घरी बाबा सुरू, 'आम्ही नोकरी सांभाळून शिकलो.' अहो बाबा, नोकरी तरी पाचला सुटते!

तर तुम्हाला सांगते, मी सरळ तक्ता केला. कॉलेज सात तास, जाणं-येणं दोन, झोप सात, जेवण-अंघोळ दोन, मैत्रिणींशी गप्पा अर्धा तास, एवढ्याच, आणि वाचन-गृहपाठ साडेआठ. बेरीज सत्तावीस. वर्ग म्हणाला, 'तू हो पुढे, आम्ही आहोत मागे.' विभागप्रमुख मॅडमच्या दारात वळून बघते, तर मागे नुसता जिना. तरी गेले! म्हटलं, मॅडम, दिवसाला तास किती? त्या शांतपणे म्हणतात, 'साडेआठ हा तुझा अंदाज झाला. आठवडाभर घड्याळ लावून मोज. बसत नसेल तर वाचनाची यादी कमी करते.'

झालं, मी पेटले इरेला. एक पान सोडलं नाही, नाहीतर म्हणतील आकडा खोटा. जेवण उभ्याउभ्या, झोप चार तास... आई म्हणाली, 'अगं, अभ्यास नको म्हणून एवढा अभ्यास?' म्हटलं, आई, तत्त्वाचा प्रश्न आहे.

सोमवारी वही आपटली टेबलावर. साडेआठ कुठले, पावणेनऊ तास, रोज! मॅडमनी पानं उलटली. 'म्हणजे सगळं वाचून झालं तुझं?' मी म्हटलं हो... म्हणजे नाही... वाचून होत नाही हे दाखवायला वाचलं... तोवर त्या वही घेऊन वर्गात. 'बघा, हिचं बसतं, मग तुमचं का बसत नाही?'

तेव्हापासून वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही. पण मी काय गप्प बसणार? परत गेले. मॅडम, दिवसाला तास किती? त्यांनी माझा तक्ता काढला, गप्पांच्या अर्ध्या तासावर बोट ठेवलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, 'हा आता रिकामाच असेल ना गं?'

वीस पानं बसवली त्यात. निघते, घड्याळ लावून आलेय.